चाकाखालचा दगड

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला फळ्यावरचं गणित आलं नाही की सर त्याला माझं नाव देतात. म्हणून ओळख फार सांगत बसत नाही. मी एक जुना दगड आहे. काळा, दोन विटांएवढा आणि एका बाजूने निमुळता.

आष्टीत काकासाहेबांच्या घराचा पाया भरताना मी उरलो. गवंड्याने मला दोनदा फिरवून पाहिलं आणि बाजूला टाकलं. पुढे कितीतरी वर्षं मी मोरीपाशी होतो. काकासाहेबांच्या आई गोजरबाई माझ्यावर टाचा घासत. काम हलकं होतं, पण माझी तक्रार नव्हती.

तीन वर्षांपूर्वी काकासाहेबांनी एक जुनी पांढरी कार आणली. घर उतारावर आणि उताराच्या तळाशी पिठाची गिरणी. उभी गाडी जागेवर धरून ठेवायची ती हँडब्रेकने, आणि हिचा हँडब्रेक पहिल्यापासून ढिला. परतूरहून देवानंद मिस्त्री आले. त्यांनी दांडा वर ओढला आणि खटके मोजले.

"सहा-सात खटक्यांत गाडी धरली पायजे, काकासाहेब. इथं धा झाले तरी सरकून राह्यली. वायर ताणून देतो, पण दुखणं मागच्या चाकात हाये. ड्रम खोलावे लागतेल. दोन दिवस गाडी गॅरेजला ठिवा."

"ठिवतो ना. सोयाबीन निघू द्या," काकासाहेब म्हणाले.

सोयाबीन निघालं. कापूस वेचून झाला, तूरही घरात आली. वायर तर पंधरा दिवसांतच पुन्हा ढिली पडली होती. एका सकाळी गाडी सरकायला लागली तेव्हा काकासाहेबांनी हाताला लागेल तो दगड म्हणून मला उचललं आणि चाकापुढे सारलं. गाडी थांबली.

"बसली का न्हाई बराबर! मंग आता गॅरेजचं काय काम?"

खरं सांगतो, मी फुगलो. टाचा घासायचा दगड मी, आणि आख्खी मोटार अडवली! त्या दिवसापासून रोज मी चाकापुढे आणि निघताना डिकीत. देवानंदांचं नाव घरात कोणी काढेना. त्याचंही मला बरंच वाटलं. तिथेच माझं चुकलं.

यंदा खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. विळा, कुऱ्हाड, पाना, आणि शेवटी मी. गोजरबाईंनी चाचपडत मला हळदकुंकू लावलं. त्यांना मोतीबिंदू होता. "एकदा डोळा झाला की मी माझी मी वावरात जाईन," असं त्या सगळ्यांना सांगत. ऑपरेशनची तारीख दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशीची होती, जालन्याला.

त्या सकाळी काकासाहेबांनी आईला मागच्या सीटवर बसवलं, गाडी सुरू केली, हँडब्रेक ओढला आणि राहिलेली फाईल आणायला आत गेले. मी चाकापुढे होतोच. तेवढ्यात शेजारच्या साळूबाई दळणाचा डबा घेऊन निघाल्या. माझ्यावरचं कुंकू पाहून त्या थबकल्या.

"अगं माय, देवाला चाकाखाली घातलंय!"

ब्रेकने तेव्हा जेमतेम धरलं होतं, म्हणून माझ्यावर भार नव्हता. साळूबाईंनी मला अलगद उचललं, पदराने पुसलं आणि लिंबाखाली ठेवून हात जोडले. माझा जीव नुसता तळमळत होता. पण दगडाला तोंड कुठे असतं? गाडीत गोजरबाई जरा सावरून बसल्या, आणि तेवढ्या हिसक्याने गाडी हलली.

काकासाहेब फाईल टाकून धावले. दाराला हात लागला, पण दार हातातून सुटलं. गिरणीपुढच्या बायका ओरडत बाजूला पळाल्या आणि गाडी भिंतीवर जाऊन आदळली.

गोजरबाई वाचल्या, पण खुब्याचं हाड मोडलं. जालन्याला त्या गेल्या त्या हाडांच्या दवाखान्यात. आता खाटेवर असतात. डोळ्याचं ऑपरेशन लांबलं. वावराचं तर त्या बोलतही नाहीत.

देवानंदांनी ड्रम अंगणातच खोलले. आतले ब्रेक-शू, म्हणजे चाक घासून धरणाऱ्या पट्ट्या, तेलाने भिजून गुळगुळीत झाले होते. "तेल गळून राह्यलं होतं. वायर कितीबी ताणली तरी हे काय धरनार?"

काकासाहेब मटकन पायरीवर बसले. "दोनच दिवस मागितले होते यानं," म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडले.

आता तुम्हाला वाटेल, गावाने मला उचलून खाणीत फेकलं असेल. तसं झालं नाही. "ह्या देवानंच माय वाचवली," असं साळूबाईंनी रडत रडत सांगितलं, आणि लोकांना ते पटलं. माझ्यावर झेंडूची फुलं पडू लागली. मला लाज वाटत होती.

परवा हरिओम जीपवाले आले. माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "पावलेला दगड हाये. आपल्या जीपचा हँडब्रेकबी धरून न्हाई राह्यला. ह्याला नेतो." कोणी नको म्हटलं नाही.

मित्रांनो, आज मी हरिओमच्या जीपच्या चाकाखाली आहे. हीच जीप रोज तुम्हाला शाळेत नेते. सकाळी तुम्ही आत चढता, मागच्या फळीवर दाटीने बसता, आणि तुमचं वजन माझ्यावर येतं. मी लावतो जोर. पण मला कोणी उचललं तर मी काही करू शकत नाही. म्हणून उद्या जीपमध्ये चढण्याआधी खालीच उभे राहा आणि हरिओमकाकांना विचारा, "काका, मिस्त्रीकडं कधी नेता?" ते हसतील, चढा म्हणतील. तुम्ही चढू नका.