मेणात राहिलेली पेनिना

मित्रांनो, लांबून पाहिलंत तर मी झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसतो. पण मी मेणाचा जुना ठोकळा आहे, आणि माझ्या पोटात एका बाईच्या गाठीचा बारीकसा तुकडा आहे. ती बाई गेली. तुकडा आहे तसाच आहे.

तिचं नाव पेनिना. युगांडात, म्बाराराजवळच्या डोंगरउतारावर तिची केळीची बाग होती. छातीत गाठ लागली तेव्हा इस्पितळातल्या डॉक्टरांनी जाड सुई घालून हा तुकडा काढला. त्यातला ओलावा शोषून घेतला आणि त्या जागी कढत मेण भरलं. मेण थिजलं आणि मी जन्मलो. तुकडा काढला तेव्हा जी पेशी दुभंगत होती, ती तशीच अर्धवट दुभंगलेली राहिली. आजही आहे.

माझी एक पातळ चकती कापून, गाठ कॅन्सरची आहे एवढंच पाहिलं गेलं. पुढच्या तपासण्यांची रसायनं तेव्हा इथे मिळत नव्हती. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान व्हावी म्हणून पेनिनाला केमोथेरपी दिली. तिचे केस गेले, नखं काळी पडली. गाठ मात्र जागची हलली नाही. पेनिनाला तिच्याच बागेत पुरलं आणि मला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून दिलं.

पत्र्याच्या छपराखालची ती कोठी होती. तिथे माझ्यासारखे शेकडो ठोकळे होते. म्हणजे शेकडो माणसं होती, पण श्वास एकाचाही नव्हता. दुपारी पत्रा तापला की आम्ही मऊ पडायचो आणि एकमेकांना चिकटायचो. माझ्या शेजारचा ठोकळा उंदरांनी खाल्ला. त्यांच्या पोटात कोणाची आई गेली की कोणाची बहीण, हे कोणालाच कळलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी खोकं उघडलं. डॉक्टर अतुहैरे नावाच्या बाईंनी मला शोधून काढलं, पुसलं आणि आपल्या टेबलावर ठेवलं. समोर कोणी तरी बोलत होतं. तो आवाज माझ्या पोटातल्या तुकड्याच्या ओळखीचा होता. पेनिनाच्या छातीत असताना त्याने तो रोज ऐकला होता. ती पेनिनाची धाकटी बहीण केलेन होती. आता तिलाही गाठ आली होती.

"पेनिनाताईलाही हेच केमोचं औषध दिलंत. आता मला देताय. आमच्या घराशी वैर आहे का तुमचं?"

"वैर असतं तर तुला सरळ घरी जाऊ दिलं असतं गं."

"मग कापा आणि मोकळी करा मला."

"गाठ काखेपर्यंत गेलीय, केलेन. आधी ती आटायला हवी. आणि तुझी गाठ ताईसारखीच आहे, हे कोणी सांगितलं तुला?"

"एका आईच्या पोटच्या आहोत आम्ही."

"असाल. पण गाठी एकसारख्या नसतात. ताईलाच विचारू या का?"

केलेनचा चेहरा उतरला. "ती मातीत आहे, डॉक्टर. असली थट्टा नको."

डॉक्टरबाईंनी मला उचलून पुढे धरलं. "थोडी इथेही आहे."

केलेनने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग तिने मला दोन्ही हातांत झाकून घेतलं.

"गार आहे," ती म्हणाली. "तशी ती गारच असायची. झोपेत मुद्दाम पाय लावायची मला." आणि ती रडता रडता हसली.

मग माझ्या चकत्या कापल्या आणि कोमट पाण्यावर तरंगत सोडल्या. केलेनच्या गाठीचाही एक नवा ठोकळा झाला होता. दोघींच्या चकत्यांना एकच रसायनं लावली आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. केलेन वाकली.

"ही ताईची चकती. हा तपकिरी रंग म्हणजे हार्मोनची खूण," डॉक्टरबाई सांगू लागल्या. "तिची गाठ हार्मोनवर पोसणारी होती, सावकाश वाढणारी. हे औषध मुख्यतः भराभर दुभंगणाऱ्या पेशींना मारतं. इथे तशा अगदी थोड्या आहेत. आता तुझी बघ. हार्मोनची खूण नाही, पण जिकडेतिकडे दुभंगणं चाललंय. आणि हे निळे ठिपके म्हणजे तुझ्याच अंगातले पहारेकरी, रोगाशी लढणाऱ्या पेशी. गाठीत घुसलेत बघ. अशा गाठीवर औषध चालण्याची शक्यता जास्त असते."

"नुसती शक्यता?"

"हमी मी देणार नाही."

"म्हणजे ताईला दुसरं काही हवं होतं?"

"हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या द्यायला हव्या होत्या. तेव्हा आम्हाला कळलं नाही."

केलेन पुन्हा माझ्या चकतीवर वाकली आणि एकदम मागे सरली. "ही अर्धी फुटलेली... हलली का हो?"

"नाही. मेणात काही हलत नाही."

मित्रांनो, डॉक्टरबाईंना तसं वाटलं.

केलेनने औषध घेतलं. ती वाळली, अंगणात बसून ओकली, "यापेक्षा मेलेलं बरं" म्हणाली. पण गाठ विरघळत गेली. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरबाईंनी काढलेलं सगळं मांस तपासलं. कॅन्सरची एकही पेशी त्यांना सापडली नाही. तिची गाठ आता फक्त माझ्या शेजारच्या नव्या ठोकळ्यात आहे, तिथे ती अजूनही भराभर दुभंगण्याच्या बेतात थांबलेली आहे.

डोक्यावर कोवळे केस उगवल्यावर केलेन मला न्यायला आली. मला पेनिनाशेजारी पुरायचं तिच्या मनात होतं. पण पेनिनाला मुली आहेत. पुढेमागे त्यांच्यासाठी मला पुन्हा कापावं लागेल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. केलेनने मला ओठांशी नेलं आणि हळूच विचारलं, "ताई, कापताना दुखतं का गं?"

मित्रांनो, आम्हाला अडगळ समजू नका. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि औषध देण्याआधी आम्हाला विचारा. माझ्यात आता पेनिना फार थोडी उरली आहे, मोजक्याच चकत्या निघतील. त्या वेळी जो कोणी तिच्यावर वाकेल, त्याने आधी तिचं नाव घ्यावं. ती ऐकत असते.