रिमोटमधले कुंकू

सिल्वासाच्या दाट धुक्यात गाडी झोपेत असल्यासारखी उभी होती. किल्लीने दार उघडले, तरी भोंगा वाजे आणि इंजिन बंदच राही. रिमोट चालल्याखेरीज सुटका नव्हती. मालतीला दहा वाजता खानवेलच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू व्हायचे होते. तिचा नवरा रमाकांत विज्ञानशिक्षक. त्याने रिमोटमध्ये नवा सेल घातला, तरी त्याचा दिवा लागेना. पुन्हा उघडून पाहिले, तर सेलखालच्या पट्टीवर कुंकू वाळून बसले होते.

“दसऱ्याची पूजा,” तो म्हणाला. “श्रद्धेतून वीज वाहत नाही.”

“अहो, दसऱ्याला मी माहेरी होते. फोनवर चिमूटभर म्हटलं होतं, तुम्ही ओलं करून रिमोटवर थापलंत.”

रमाकांतने पट्टी पुसली, सेल बसवला आणि बटण दाबले. धुक्यात दोन पिवळे दिवे अलगद लुकलुकले.

“बसा, बाई,” तो म्हणाला.