अकरा माशांची पंगत

भाऊंनी परसात माशांचं तळं बांधायचं काढलं तेव्हा कुमुदताईंनी एवढंच विचारलं, "पायरी ठेवाल ना हो एखादी? बसायला बरी पडेल."

भाऊ थक्क झाले. विरोध होणार हे धरून त्यांनी तीन दिवस उत्तरं पाठ केली होती. डास होतील म्हणाली तर मासे अळ्या खातात म्हणून सांगायचं, घराला ओल येईल म्हणाली तर वीस पावलं लांब बांधतो म्हणायचं. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला माणूस. तळ्याचा नकाशाही काढून ठेवला होता, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण घालून. सगळी तयारी वाया गेली. पण कुमुदताई होत्याच तशा. त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत कधी पोचला नव्हता, आणि तरीही त्या घरात त्यांच्या मनाविरुद्ध काही घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

तर चौलच्या त्या वाडीत, विहिरीच्या अलीकडे, सुपारीच्या सावलीला तळं झालं. नऊ फूट लांब, सहा फूट रुंद, कमरेइतकं खोल. बाहेरून जांभा, आतून सिमेंट, आणि एका कडेला कुमुदताईंची पायरी. वाडीचं काम बघणाऱ्या अनंताने केळीचे खुंट चिरून तळ्यात टाकले, कारण नव्या सिमेंटचं पाणी माशांना सोसत नाही आणि केळीचा खुंट त्या पाण्याची आग काढतो. तीनदा तळं भरलं, तीनदा उपसलं. चौथ्यांदा भरल्यावर कुमुदताईंनी देवघरातला गंगेचा गडू आणून त्यातले चार थेंब पाण्यात सोडले.

"आता शुद्ध झालं," त्या म्हणाल्या.

"ते केळीने झालं," भाऊ म्हणाले.

"दोघांनी मिळून झालं म्हणू या."

अलिबागहून शोभेच्या माशांचा दुकानदार जीवन मासे घेऊन आला. सहा सोनेरी, पाच कोई जातीचे, फुगलेल्या पिशव्यांतून. त्याने पिशव्या अर्धा तास तशाच पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग हळूच तोंडं सोडली. खंड्या आणि बगळा येतील म्हणून वरून जाळं ताणलं, पंप लावला, पाणी गाळायचा स्पंज दाखवला, माशांच्या दाण्यांचं पाकीट दिलं आणि निघताना पायरीवर बसलेल्या कुमुदताईंना सांगितलं, "काकू, दिवसातून एकदा, एक चिमूट. पोट भरलं म्हणून मासा थांबत नाही. समोर आलं की खातो. त्याचा आवर आपण घालायचा."

कुमुदताईंनी मान डोलावली.

पुढे आषाढी एकादशी आली. दर चातुर्मासात कुमुदताईंचा एक नवा नेम असे. एका वर्षी त्या मौनाने जेवल्या. एका वर्षी लाख वाती केल्या, तेव्हा भाऊंच्या चष्म्यावरसुद्धा कापूस असायचा. या वर्षी त्यांनी सकाळी देवापुढे हात जोडून सांगितलं की परसातल्या अकरा जीवांच्या मुखात घास गेल्याशिवाय मी शिजलेल्या अन्नाला हात लावणार नाही, कार्तिकीपर्यंत. दूध आणि वाडीतलं केळं तेवढं चालेल.

"उत्तम!" भाऊ म्हणाले. नेमात आपल्याला काही करायचं नाही हे कळल्यावर त्यांना धर्माविषयी फार आदर वाटे.

पहिली अडचण सूनबाईंनी काढली. मैथिली रेवदंड्याला बँकेत होती आणि कुठलंही पाकीट मागून वाचल्याशिवाय तिला चैन पडत नसे. "आई, या दाण्यांत सुकटीचं पीठ आहे."

कुमुदताईंनी पाकीट असं खाली ठेवलं की जणू ते झोपलेलं मूल आहे. दुसऱ्या दिवसापासून त्या आंघोळ करून, ओलेत्याने कणीक भिजवून मोहरीएवढ्या गोळ्या करू लागल्या. एकादशीला कणीक चालत नाही म्हणून राजगिऱ्याच्या.

"माशांना एकादशी?" भाऊंनी विचारलं.

"आपण उपास करायचा आणि त्यांना मोडायला लावायचा, हे बरं दिसतं का?"

"मग हरितालिकाही धरायला सांग."

"सांगितली असती," कुमुदताई शांतपणे म्हणाल्या, "पण त्यांच्यातल्या बायका कोण ते ओळखू येत नाही हो."

आषाढ गेला, श्रावण गेला. पूजा आटोपून साडेअकराला कुमुदताई पायरीवर बसल्या की मासे धावत यायचे. पुढे सगळ्यांत मोठा, शेंदरी रंगाचा कोई. त्याचं नावच शेंदऱ्या पडलं होतं. तो तोंड वासायचा, बाकीचे मागे गर्दी करायचे, आणि सगळ्यांचं झालं की कुमुदताई तृप्त होऊन पानावर बसायच्या. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला तळं दाखवायचे, कोई मुळात कुठल्या देशातले ते नकाशात दाखवायचे, आणि पाहुणे चहाची वाट बघायचे.

भाद्रपद लागला. गणपतीला पाच दिवस राहिले असताना, सोमवारी, कुमुदताईंनी गोळ्या टाकल्या आणि एकही मासा आला नाही.

पाणी गढूळ दिसत होतं. शेंदऱ्या पंपापाशी पाण्याला तोंड लावून नुसता उभा होता. गोळ्या तरंगल्या, फुगल्या, बुडाल्या. कुमुदताई चार वाजेपर्यंत पायरीवर बसल्या. मग उठल्या, पेलाभर दूध प्यायल्या आणि वाती वळायला बसल्या.

मंगळवारीही तेच.

आता घरात पळापळ झाली. गणपती शनिवारी. एकवीस मोदक, ऋषीची भाजी, पाहुणे, आणि सगळं करणारी बाई दूधकेळ्यावर.

"आई, थोडा वरणभात घ्या. देव रागावणार नाही," रजा टाकून घरी राहिलेली मैथिली काकुळतीला आली.

"देव नाही गं रागावत. पण सांगितलंय त्याला."

भाऊंना जेवायला वाढून त्या समोर केळं सोलत बसल्या. भाऊंना भाकरी गिळवेना. "तू अशी समोर बसू नकोस," ते म्हणाले.

"बरं," म्हणून त्या आत गेल्या. भाकरी तरीही गिळवेना.

तेवढ्यात मागच्या दाराने सत्यवती आली. ती रेवदंड्याची कोळीण, या घरात तिची मासळीची पाटी कधी उतरली नाही, पण वाडीतल्या नारळांसाठी तिची फेरी असे आणि दर वेळी ती तळ्यात वाकून म्हणे, "वैनी, एवढी झ्याक मासळी आणि कालवन न्हाय! जीव तुटतो माजा." आज तिला कुणीतरी सगळी हकीकत सांगितली. सत्यवतीने पदर खोचला, जाळं बाजूला सारलं, पायरीवर उकिडवी बसली आणि एका हाताने शेंदऱ्याला असं अलगद उचललं की त्याला कळलंही नाही. कल्ला उघडून बघितला, पोटावरून अंगठा फिरवला आणि त्याला पाण्यात सोडलं.

"आजारी न्हाय तो. उपाशी तर मुळीच न्हाय. चाळीस वरसं मासळी हातात धरतंय मी, वैनी. ह्यो लगनाच्या पंगतीतून उठलेला मासा हाय. कोनतरी चोरून घालतंय ह्यांना."

"चोरून?" कुमुदताई म्हणाल्या.

"व्हय. आनि उरलेलं तळाला कुजतंय. वास येत न्हाय का तुमाला? पानी बदला नि चार दिवस दाना दावू नका."

कुमुदताईंनी कुणाकडे बघितलं नाही. त्या पाण्याकडे बघून हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "मी कुणाला काही म्हणत नाही."

हे वाक्य घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचं होतं. ते ऐकून आजवर कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त तग धरला नव्हता.

पहिले भाऊ पडले. डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सकाळच्या चहाबरोबर नाचणीची बिस्किटं सांगितली होती. "ती बिस्किटं," भाऊ खोल आवाजात म्हणाले, "म्हणजे जांभ्याचे तुकडे गं. मी रोज सहा वाजता तळ्यावर फिरायला जात होतो, ते... त्यांच्यासाठी. दोन. शेंदऱ्याला आवडतात."

"भाऊ!" मैथिली ओरडली. "ती बिस्किटं मी अलिबागहून आणते!"

"तू तरी काय," भाऊ म्हणाले. "नऊ वाजता बँकेत जाताना तळ्यापाशी वाकून काय करतेस? मी गॅलरीतून बघतो."

मैथिलीचा चेहरा उतरला. "थोडे दाणे टाकत होते. माणसाच्या पायांची सवय राहिली तर साडेअकराला पटकन येतील, आईंचं जेवण लांबणार नाही, असं वाटलं मला. सुकटीचे नाही हं. दुसरे."

अनंता नारळाच्या ढिगाआड उभा होता. त्याने टोपी काढली. "वैनी, म्या दहाला न्याहारीला तितंच बसतो. भाकरीचा घास घेतला की अकराच्या अकरा वर तोंड करून बघत्यात. घास उतरत न्हाय वो."

"मग?"

"मग काय, अर्धी त्यांची."

सत्यवती खो खो हसली. "बघा! अकरा जनांची खानावळ!"

कुमुदताईंनी डोळे मिटले, आणि तिघांनाही वाटलं की यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं. एवढ्यात मैथिलीने जीवनला फोन लावला आणि आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकवला. जीवनने सत्यवतीच्या म्हणण्याला दुजोरा दिला. रोज थोडं पाणी बदला, स्पंज तळ्याच्याच पाण्यात धुवा, शनिवारपर्यंत काही घालू नका. मासा आठ दिवस सहज उपाशी राहतो. मग त्याने सहज विचारलं, "काकू, तुम्ही स्वतः किती घालता?"

"तू सांगितलंस तेवढंच. एक चिमूट."

"मग ठीक आहे."

"प्रत्येकाला," कुमुदताई म्हणाल्या.

"प्रत्येकाला म्हणजे?"

"अकरा जण आहेत ना रे? अकरा चिमटी. आणि एक वर, देवाच्या नावाची." त्यांचा आवाज आणखी बारीक झाला. "जेवायला बसलेल्या अकरा जणांत एक चिमूट कशी वाढणार? हात धजत नाही."

"काकू," जीवन म्हणाला, "एक चिमूट सगळ्यांत मिळून. अकरा चिमटी कणीक म्हणजे त्यांना रोज श्राद्धाचं जेवण झालं."

भाऊंना हसू आवरेना. आधी ते खोकल्यासारखं निघालं, मग त्यांनी सुपारीच्या झाडाला धरलं. मैथिलीने पदर तोंडाला लावला. अनंता टोपीत तोंड घालून वळला. कुमुदताई पायरीवर तशाच बसून राहिल्या. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी तळ्याकडे बघून हात जोडले.

"चुकलं हो माझं," त्या माशांना म्हणाल्या. माणसांना काही म्हणाल्या नाहीत.

त्या आठवड्यात घर तळ्याभोवती फिरत होतं. भाऊ आणि अनंताने रोज बालद्यांनी जुनं पाणी नारळांना घातलं आणि विहिरीचं नवं भरलं. मैथिलीने स्पंज पिळला आणि शेवाळाचे दाणे शोधून आणले, ज्यांत सुकट नव्हती आणि जे कणकेसारखे कुजत नव्हते. कुमुदताईंनी दूध-केळ्यावर पुरणासाठी नारळ खवले, गूळ चिरला, घर सारवलं. शुक्रवारी हरितालिका होती. "हा दिवस नेमातून वजा," त्या म्हणाल्या. "हा तर माझा धरायचाच होता."

"तू दमली नाहीस?" भाऊंनी विचारलं.

"दमले," त्या म्हणाल्या. "भीती एवढीच वाटते हो, की उद्याही नाही आले तर? देवाला नैवेद्य दाखवायचा आणि या अकरा जणांना मीच जेवणावरून उठवलेलं. कुठल्या तोंडाने मोदक खाऊ?"

भाऊंनी त्या संध्याकाळी नाचणीची दोन बिस्किटं सगळ्यांसमोर, न बुडवता खाल्ली.

शनिवारी गणपती बसला. एकवीस मोदकांचा नैवेद्य झाला, आरती झाली. मग जेवायला कुणी बसेना. यशोधन, म्हणजे मुलगा, पनवेलहून सकाळीच आला होता. त्याला काय चाललंय ते कळेना. तो हात धुऊन आला तर सगळं घर परसात उभं.

पाणी निवळलं होतं, तळाचा सिमेंटचा ओरखडासुद्धा दिसत होता. कुमुदताई पायरीवर बसल्या. डब्यातून एक चिमूट घेतली. दुसरा हात आपोआप डब्याकडे गेला, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

"तुम्हा सगळ्यांत मिळून," त्या पुटपुटल्या, आणि चिमूट सोडली.

दाणे पसरले. काही हललं नाही. भाऊंनी मोजायला सुरुवात केली. मग खालून एक शेंदरी रेघ वर आली, पाण्यावर फट असा आवाज झाला, आणि मागून बाकीचे दहाजण असे उसळले की कुमुदताईंच्या नव्या लुगड्यावर पाणी उडालं. दोन मिनिटांत पाण्यावर कणसुद्धा राहिला नाही.

"खाल्लं!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वाडीतल्या आरतीत खंड पडला.

कुमुदताई उठल्या. डोळे पुसत पुसत स्वयंपाकघरात गेल्या, पानं मांडली, आणि पाच दिवसांनी पहिला घास घेतला तो वरणभाताचा. मग बाकीचे पानांवर बसले, अनंता ओटीवर.

दोन मोदक खाऊन भाऊंनी पान पुढे सरकवलं. तिसरा मिळाला. चौथाही, थोड्या वेळाने. पाचव्यासाठी त्यांनी पान पुन्हा सरकवलं आणि तोंड वर करून बघितलं, अगदी शेंदऱ्यासारखं.

कुमुदताईंनी मोदकांच्या पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अगं, एकच."

"नको हो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी गढूळ होतं."