यारुमोचं पान

"काय डॉक्टरीणबाई, पानाला ताप आहे का?" गाडीला टेकून हेर्मीदेसनं विचारलं.

"तुझ्या डोक्याला आहे. सावली पाडू नकोस, सरक." नूबियानं यंत्राच्या चिमट्यात यारुमोच्या झाडाचं पान धरलं.

पोपायान शहरातल्या एका प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं पानं मोजत होती. पानावर उजेड पाडायचा. किती परत फिरतो, किती आरपार जातो, ते नोंदवायचं. त्या आकड्यांवरून संगणकावर सिनेमांसाठी जंगलं उभी राहत. हेर्मीदेस तिचा ड्रायव्हर.

उतारावरून पाच बंदूकवाले आले. म्होरक्यानं यंत्र हिसकावलं.

"सरकारनं पाठवलंय? कोकेनसाठी लावलेला आमचा कोका विमानातून हुडकायला?"

"नाही हो. सिनेमासाठी आहे."

बंदुकीचा दस्ता हेर्मीदेसच्या जबड्यावर बसला. दोन दात मातीत पडले. म्होरक्यानं शेजारच्या शेतातून कोकाचं पान ओरबाडून आणलं.

"मोज."

नूबियानं हात मागे घेतला. आकडे यंत्रात गेले, की यंत्र कोका ओळखतं याचा पुरावाच त्यांच्या हाती पडणार होता.

"हे पान माझ्या यादीत नाही."

त्यानं तिचा उजवा हात गाडीच्या बॉनेटवर दाबला आणि दस्ता हाणला. हाडं कडकडली.

"मोज!"

"नाही."

दस्ता पुन्हा उठला तसा हेर्मीदेस त्याच्या अंगावर झेपावला. दोन गोळ्या सुटल्या. पोट धरून हेर्मीदेस चाकापाशी बसला. बंदूकवाल्यांनी यंत्र बुटांखाली चिरडलं आणि ते निघून गेले.

नूबियानं हेर्मीदेसला कसंबसं मागच्या सीटवर ओढलं. एका हातानं गाडी चालवली. वाटेत त्याचं कण्हणं थांबलं. तरीही तिनं हॉस्पिटलपर्यंत वेग कमी केला नाही.

चार महिन्यांनी हेर्मीदेसची बायको ओतिलिया प्रयोगशाळेत आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"तो कशापायी मेला, ते दाखव."

नूबियानं डाव्या हातानं संगणकाच्या पडद्यावर यारुमोचं एक पान आणलं. मोठं, पंजासारखं, उन्हातलं.

"एवढंच?"

"एवढंच, ताई." नूबिया म्हणाली, "मी त्यांचं कोकाचं पान मोजलं असतं, तर कदाचित..."

"आता ते नको." ओतिलिया पडद्याजवळ सरकली. "खालून दाखव."

नूबियानं पान उलटं केलं. खालची बाजू चांदीसारखी पांढरी होती.

ओतिलियानं पडद्यावरच्या पानावरून बोट फिरवलं.

"खरं पानही असंच असतं," ती म्हणाली, आणि तिनं खुर्ची जवळ ओढली.