नाव न घेता

“मी एका मुलीला ओळखतो,” माईक हातात घेऊन माझा नवरा म्हणाला, “ती रोज शाळेच्या संडासात बसून डबा खाते. कारण वर्गात तिला कुणी शेजारी बसू देत नाही.”

चर्चच्या हॉलमध्ये रविवारच्या सभेला सत्तर पोरंपोरी जमली होती. चौथ्या रांगेत आमची चौदा वर्षांची लेक होती. तिच्या वर्गातल्या दोघींनी आधी एकमेकींकडे बघितलं, मग वळून तिच्याकडे.

तरुण संघाचं काम हा बारा वर्षं करतोय. सगळे त्याला दादा म्हणतात. कुणाचं घरी भांडण झालं, कुणी नापास झालं, की दादा हजर. घरी मात्र दादाचं दर्शन दुर्लभ. लेकीच्या वाढदिवसाला केक कापून झाल्यावर उगवला होता. म्हणूनच गेल्या मंगळवारी तिच्या सायकलची चेन बसवता बसवता तो तासभर तिचं ऐकत बसला, तेव्हा मला कोण आनंद झाला! आत येऊन ती म्हणाली, “बाबांना सांगितलं सगळं. तुलाही सांगेन, पण नंतर.” ते ‘सगळं’ मला सत्तर जणांबरोबर कळलं.

भाषण संपल्यावर पोरं रडत त्याच्या गळ्यात पडली. लेक खुर्च्या एकात एक घालून भिंतीशी लावत होती. दादाच्या घरच्यांनी शेवटी निघायचं, असा आमचा नियमच आहे.

घरी येताच मी तोंड सोडलं. “पोटच्या पोरीचं दुःख चव्हाट्यावर मांडलंस?”

“नाव घेतलं का मी?”

“घ्यायचं बाकी काय होतं? दोघी वळून बघत होत्या तिच्याकडे!”

“अगं, एक पोरगा आज वर्षभरात पहिल्यांदा बोलला माझ्याशी. घर सोडून निघाला होता तो. त्याचं काय?”

त्याचं हे खरं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

“आई, राहू दे ना,” लेक म्हणाली. “चांगलं बोलले बाबा.”

“बघ!” तो म्हणाला. त्याला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने डबा न्यायचंच सोडलं. भूक नसते म्हणे. तेव्हा कुठे याच्या डोक्यात प्रकाश पडला. गुरुवारची बैठक रद्द केली, बारा वर्षांत पहिल्यांदा. फोन बंद करून माझ्या हातात दिला आणि लेकीच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसला. मी दारातच थांबले.

“बोल ना बाळा. काय चाललंय शाळेत?”

“सगळं छान आहे, बाबा.”

तो बसूनच राहिला. ती गणितं सोडवत होती. मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. हातातलं गणित संपवून तिने वहीचं पान उलटलं.

“तुम्हाला या रविवारच्या भाषणासाठी काही हवंय का? सांगते काहीतरी.”

तिच्या आवाजात राग नव्हता. एरवी बाहेरून आल्यावर त्याला पाणी हवंय का विचारते, तसंच विचारलं तिने.