काळी तोंडात, पिवळी छातीवर

मी पिवळी बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते, मला काळीचा हेवा वाटतो. झाकून ठेवण्यात काय अर्थ आहे? जळतेय म्हणजे जळतेय.

पाण्याखाली जाणाऱ्या माणसाच्या पाठीवर हवेची टाकी असते ना, तिच्यातून तोंडाकडे दोन नळ्या येतात. एकीच्या टोकाला काळी, दुसरीच्या टोकाला मी. लोकांना वाटतं टाकीत ऑक्सिजन असतो. नसतो हो. आपलीच साधी हवा, गाळून, दाबून भरलेली. ती श्वासापुरती सोडायची, हे आम्हा दोघींचं काम. फरक एवढाच, की काळी माणसाच्या तोंडात असते आणि मी छातीवर एका आकड्याला लटकलेली.

आम्ही एकाच कारखान्यात, एकाच दिवशी जन्मलो. एकाच खोक्यात शेजारी शेजारी झोपून आलो. माझ्या पोटातही तोच पडदा, तीच झडप. मग तिला तोंड आणि मला आकडा, हा न्याय कुठला? तर म्हणे मी जादाची. माझी नळी लांब, कारण मी मालकिणीसाठी नाहीच. तिच्या जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची ती मी. घाबरलेल्या माणसाला गढूळ पाण्यातही दिसावी म्हणून रंग पिवळा. एका टाकीवर नांदणाऱ्या दोघी, म्हणजे सवतीच की आम्ही.

आमची मालकीण साधना. मूळची आखाडा बाळापूरची, पण पाच वर्षं मालवणला समुद्रात लोकांना बुडी मारायला शिकवायची. तिथून गावी परतली तेव्हा आम्हाला घेऊन आली. मला वाटलं, नव्या जागी माझंही काही नशीब उघडेल. कसलं काय! इथं विहिरी, विहिरीत पडलेल्या पाणी उपसायच्या मोटारी, आणि कधी धरणात बुडालेल्या माणसाचा शोध. पाणी बदललं, माझा आकडा तोच राहिला.

साधना बुडीआधी बडीशेप खाते. काळीच्या दातांत धरायच्या रबराला त्या बडीशेपेचा वास येतो आणि ती मेली तो मिरवते. माझ्या रबराला फक्त रबराचा वास.

खोटं नाही बोलणार, मला थोडं मिळायचं. पाण्यात उतरण्याआधी काठावर साधना काळीतून दोन श्वास घ्यायची आणि माझ्यातूनही दोन. दोघी नीट चालतात की नाही याची खात्री. मग मला छातीवर नीट अडकवायची, कारण मी लोंबत राहिले आणि तळाच्या गाळात घासले तर तोंडात चिखल भरेल आणि ऐन वेळी कामाची राहणार नाही. ते दोन श्वास मी दिवसभर आठवत बसायचे. काळी तेवढ्या वेळात हजार घ्यायची.

पाण्यात एकट्यानं जायचं नाही, हा साधनाचा पहिला नियम. म्हणून तिला जोडीदार हवा होता. तिनं वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावरच्या फुलसिंगला विचारलं.

फुलसिंग म्हणजे पंचक्रोशीतला विहिरीत उतरणारा माणूस. पस्तीस वर्षं नुसत्या दमावर त्यानं मोटारी, बादल्या, कळश्या वर काढल्या. तो खाली असताना त्याची बायको जिवनबाई काठावर बसून आकडे मोजायची. शंभराच्या पुढं गेली की तिचा आवाज चढायचा, आणि तेवढ्यात हा हसत वर यायचा. आता लोक त्याच्याऐवजी साधनाला फोन करू लागले होते. तो शिकायला आला खरा, पण त्याच्या पोटात काय दुखत होतं ते मी पहिल्या दिवशीच ओळखलं. मला त्या दुखण्याची ओळख जुनी.

साधनानं त्याला दुसरा संच दिला आणि उथळ पाण्यात महिनाभर शिकवलं. नाक दाबून कान मोकळे करणं, टाकीत किती हवा उरली ते सांगणारा काटा बघणं, हातांच्या खुणा. हात गळ्यावरून आडवा फिरवला की हवा संपली. फुलसिंग हसला.

"हवा संपल्यावर माणूस हात कशाला हलवंल, ताई? वर यील ना गपकन."

"तेच करायचं न्हाई, काका. जोडीदाराकडं यायचं."

एवढ्यावर थांबला असता तर बरं. पण त्याला साधनावर कडी करायची होती. बुडीनंतर तो दोघांच्या टाक्यांचे काटे बघायचा. साधनाचा काटा पार उतरलेला, याचा निम्म्यावर. मग मिशीतल्या मिशीत हसायचा. एक दिवस साधनानं त्याचं बिंग पकडलं.

"काका, खाली तुमचे बुडबुडेच दिसंनात. काय करून राहिले होते?"

"दम धरला व्हता. हवा वाचून राहिली ना!"

"हवा वाचवू नका. श्वास आत, श्वास बाहेर, मधी थांबायचं न्हाई. दमावर उतरत होता तवा छातीत वरची हवा असायची. आता खालची दाबलेली हवा घेता. ती धरून वर आलात तर फुगती, आन् छाती फाटती."

जिवनबाई काठावरून म्हणाली, "आवं, ऐका की. पहिलं आकडे तरी व्हते मोजायला. आता बुडबुडे थांबले की माझा जीव वर-खाली व्हतो."

तो ऐकेना. मग साधनानं त्याला पंचेचाळीस फूट खोल नेलं आणि एक फुगा काढला. तो फुगवायला तिनं कुणाला घेतलं? मला! माझ्या तोंडावरचं बटण दाबून माझ्यातली हवा फुग्यात भरली, गाठ मारली आणि सोडला. फुगा वर निघाला, मोठा होत गेला आणि पाण्याबाहेर पडायच्या आतच फुटला. मालवणची पाच आणि इथली दोन, अशा सात वर्षांनी पाण्याखाली मला काम मिळालं ते फुगा फुगवायचं. काळी साधनाच्या तोंडात खदाखदा बुडबुडे सोडत होती. माझा नुसता तिळपापड झाला.

वर आल्यावर फुलसिंगनं रबराचे तुकडे हातात घेतले, ताणून पाहिले आणि म्हणाला, "फुगा कच्चा व्हता."

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. हट्ट्याच्या माणिकरावांची मोटर दोर तुटून विहिरीत गेली. चारी बाजूंनी हळदीचं रान, आणि माणिकराव काठावर येरझाऱ्या घालत होते.

"ताई, जरा हात उचला. हळद सुकून राहिली. लाइट जायच्या आत मोटर चालू झाली पायजे."

त्या घाईत दोन चुका झाल्या. फुलसिंगची टाकी आदल्या दिवशी वापरलेली, निम्मीच उरलेली. 'मला अर्ध्यात भागतं' म्हणून त्यानं ती भरून घेतलीच नव्हती. साधनानं विचारलं, "काटा?" तो म्हणाला, "बराबर हाय." तिनं स्वतः वाकून बघायला हवं होतं. बघितलं नाही. दुसरी चूक माझ्या जिव्हारी लागली. तिनं काळीतून दोन श्वास घेतले आणि मला तसंच आकड्याला अडकवलं. माझे दोन श्वास चुकवले! मी एवढी चिडले, की मनात म्हटलं, एकदा तरी कुणाची तरी हवा संपू दे. संपली तरच कळेल मी काय आहे ते.

हो, म्हटलं मी असं. खोटं कशाला बोलू?

मोटर पन्नास फूट खाली, तळाच्या गाळात रुतून बसली होती. फुलसिंग दोर बांधत होता, ओढत होता, धापा टाकत होता. एवढ्या खोलवर एकेका श्वासाला वरच्या दुपटीहून जास्त हवा लागते, आणि धापा टाकणाऱ्याला त्याहून जास्त. काट्याकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. पस्तीस वर्षं दमावर जगलेला माणूस, काटा बघायची सवय कुठून असणार? अचानक त्याचे हात थांबले. हवा संपली.

त्यानं गळ्यावरून हात फिरवला नाही. तोंडातली त्याच्या संचातली काळी थुंकून टाकली, ओठ घट्ट मिटले आणि मान वर केली. शेवटचा श्वास छातीत धरून तो वर निघाला होता. मला तो फुगा आठवला.

साधनानं झेप घालून त्याच्या जाकिटाचा पट्टा पकडला. मला आकड्यावरून ओढलं आणि त्याच्या तोंडापुढं धरलं. सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते तोंड वीतभर अंतरावर होतं, आणि ते उघडेना! तो मान हलवत होता, पाय झाडत होता, वर, नुसतं वर. ओरडता आलं असतं तर ओरडले असते, घे ना रे बाबा, माझं काही नको, मान नको, बडीशेप नको, फक्त तोंड उघड. आणि तेव्हाच आठवलं, आज माझी तपासणी झालेली नाही. मी चालतेय का, हे मलाच माहीत नव्हतं.

साधनानं माझं बटण दाबलं. बुडबुड्यांचा लोट त्याच्या तोंडावर आदळला. त्यानं तोंड उघडलं आणि मला कचकन चावला.

मी चालले.

तंबाखूचा असा भपकारा आला म्हणून सांगू! बुडीआधी तंबाखू नको, हे साधना रोज बजावायची. त्याचे दात थडथडत होते, श्वास तुटत होते. मला वाटायचं, तोंडात जाणं म्हणजे मिरवणं असेल. तिथं तर नुसती भीती होती, आणि सगळी माझ्याच अंगावर येत होती.

दोघं एकमेकांचे पट्टे धरून वर निघाले. हळू, आपल्या बारक्यात बारक्या बुडबुड्यापेक्षाही हळू. मध्येच त्यानं जुन्या सवयीनं दम धरला. साधनानं त्याच्या पोटावर थापटलं आणि आपल्या बुडबुड्यांकडे बोट दाखवलं. त्यानं श्वास सोडला. खोलात अंगात मुरलेली हवा हळूहळू निघून जावी म्हणून पंधरा फुटांवर ते तीन मिनिटं थांबले. एका टाकीतून दोन माणसं, काटा भराभर उतरत होता. तेव्हा पहिल्यांदा मी काळीकडं पाहिलं ते हेव्यानं नाही. म्हटलं, बाई गं, पुरव. मलाही पुरव, तुलाही पुरव.

वर जिवनबाई काठ धरून उभी होती. दोघांचे बुडबुडे एकाच जागी का येऊन राहिले, हे कोडं तिनं उलगडलं असावं. फुलसिंगचं डोकं दिसलं तेव्हाच तिनं काठ सोडला.

"मोटर कुठंय?" माणिकरावांनी विचारलं.

"तिथंच हाय," फुलसिंग म्हणाला. "भरलेल्या टाकीवर उद्या निघंल." मग तो साधनाकडं वळला. "ताई, फुगा कच्चा नव्हता."

साधना म्हणाली, "चूक माझीबी हाय, काका. मी काटा बघितला न्हाई, आन् हिला तपासली न्हाई." हिला म्हणजे मला.

संध्याकाळी तिनं मला गोड्या पाण्यात धुतलं. माझं रबर दातांनी पार कुरतडलं होतं. फाटलेलं रबर पाण्यात न्यायचं नाही, म्हणून तिनं ते कापून नवं बसवलं. जुनं जिवनबाईनं मागून घेतलं. त्यावरचे दातांचे वण तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिले आणि ते पदरात बांधलं. माझ्या आयुष्यातली ती एकच खूण, तीही गेली.

आता मी पुन्हा छातीवर आहे. काळी पुन्हा तोंडात आहे आणि पुन्हा नाकानं कांदे सोलतेय. फुलसिंग मात्र बदलला. काठावर तो आता स्वतः वाकून दोन्ही काटे बघतो. मग चूळ भरतो, माझ्यातून दोन श्वास घेतो आणि जिवनबाईला ऐकू जाईल असं म्हणतो, "पिवळी चालू हाय." खाली त्याचे बुडबुडे थांबत नाहीत.

तुम्ही कधी पाण्याखाली गेलात तर शिकल्याशिवाय जाऊ नका, आणि कोरड्यावर असताना मला विसरू नका. दोन श्वास, बस. पाण्यात मात्र मला हात लावायची वेळ तुमच्यावर न येवो. मी छातीवरून काळीला बघत राहीन, जळत राहीन. देवा, हे जळणं मला जन्मभर पुरू दे.