पहाऱ्याची बदली

“परवलीचा शब्द?” बुरुजावरून काका ओरडला.

माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेली गरम पेज, डॅन्यूबवरून येणारा बोचरा वारा, आणि माझा सख्खा काका मला ओळख दाखवत नव्हता.

“कोल्हा,” मी म्हणाले. “काल संध्याकाळी तूच सांगितलास. किल्ल्यात दुसरं आहे तरी कोण?”

“सेवेरा, पहाऱ्यावर काका नसतो,” म्हणत त्याने खाली येऊन अडसर काढला आणि मला बुरुजावर नेलं.

रोमची पलटण इटलीला परतली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. वितालिसकाका नेमका पहाऱ्यावर होता. बदली माणूस आलाच नाही, म्हणून तो तसाच उभा राहिला. शब्द सांगायला अधिकारी उरला नव्हता. मग रोज संध्याकाळी नवा शब्द तोच ठरवायचा आणि मला सांगायचा. मला भारी गंमत वाटायची.

आज नव्हती वाटत. पलीकडच्या रुगी टोळ्या नदी ओलांडून आल्या होत्या आणि गावाने किल्ला त्यांना द्यायचं कबूल केलं होतं. दुपारी आमच्या गाड्या दक्षिणेला निघणार होत्या. त्याला घेतल्याशिवाय येऊ नकोस, आईने बजावलं होतं.

मी हट्ट केला, रडले. शेवटी त्याचं शिरस्त्राण डोक्यात घातलं आणि मीच तुझी बदली म्हणून सांगितलं. ते नाकापर्यंत खाली आलं. काका हसलासुद्धा नाही.

“शपथ घेतलीस का पलटणीची?”

तेवढ्यात एक रुगी घोडेस्वार दारात आला. एकटाच, दाढी पिकलेली. त्याने काकाचा गंजका भाला पाहिला, घोड्यावरून उतरला आणि मोडक्यातोडक्या आमच्याच भाषेत म्हणाला, तरुणपणी मीही रोमच्या पलटणीत होतो, नाव आर्दमर. मग टाचा जुळवून ताठ उभा राहिला.

“बदली आलोय. शब्द द्या, दादा.”

काका खाली आला. त्याने आर्दमरच्या जुळवलेल्या टाचा पाहिल्या. मग त्याच्या कानाशी शब्द पुटपुटला, भाला त्याच्या हाती दिला आणि माझ्यासोबत चालू लागला.

गाडीतून मी वळून पाहिलं. बुरुजावर आर्दमर नदीकडे तोंड करून उभा होता.

संध्याकाळी रानात मुक्काम पडला. काका हसावा म्हणून मी पेजेचा वाडगा पाठीमागे धरून विचारलं, “आजचा शब्द?”

“मला काय माहीत, पोरी,” तो म्हणाला. “आता तो ठरवणार.”

वाडगा घेऊन तो गाडीच्या चाकाला टेकून बसला, नदी होती त्या बाजूला तोंड करून.